दोन वर्षं एकाच खुर्चीत?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत घराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "एफएचए लोन घ्यायचंय ना? मग दोन वर्षं नोकरी बदलू नकोस." सल्ला पूर्ण चुकीचा असता तर परवडलं असतं, हा अर्धा बरोबर आहे.

आधी एक गोष्ट. एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, स्वतः कर्ज देत नाही. १९३४ पासून ही संस्था कर्जाचा विमा उतरवते, पैसे लेंडरचे. म्हणूनच ५८० क्रेडिट स्कोअरवर साडेतीन टक्के डाउन पेमेंटमध्ये काम भागतं.

लेंडर मागच्या दोन वर्षांच्या कामाचा हिशेब बघतो, हे खरं. ते एकाच कंपनीत झालेलं असावं, असं मात्र नियमात कुठेही नाही. बारा महिन्यांत तीनपेक्षा जास्त नोकऱ्या बदलल्या किंवा क्षेत्रच बदललं, तर जादा कागद लागतात: नव्या कामाचं शिक्षण घेतल्याचा पुरावा, नाहीतर पगार चढत गेल्याचा. नुकतंच मास्टर्स झालेल्यांनाही उगाच घाबरवतात. शिक्षणाची वर्षं या दोन वर्षांत धरतात, ट्रान्सक्रिप्ट जोडायची.

खरा घोळ होतो तो खंडाबाबत. समजा, एडिसनमधल्या एकीने बाळंतपणासाठी नोकरी सोडली, आठ महिने घरी राहिली आणि १ जानेवारीला नव्या ठिकाणी रुजू झाली. मैत्रिणी म्हणणार, आता दोन वर्षं विसर! प्रत्यक्षात खंड सहा महिन्यांचा किंवा जास्त असेल तर दोनच गोष्टी बघतात. कर्जाचा एफएचए केस नंबर (एफएचएकडचा फाइल क्रमांक) पडेल त्या दिवशी सध्याच्या नोकरीत सहा महिने झालेले हवेत, आणि खंडाआधीचं दोन वर्षांचं काम दाखवता यायला हवं. म्हणजे जुलैत तिची फाइल पुढे सरकू शकते. पगाराचे जुने वार्षिक फॉर्म, म्हणजे डब्ल्यू-टू, तेवढे जपून ठेवलेले असावेत.

धंदेवाल्यांचं गणित वेगळं. कंपनीत २५ टक्के मालकी असली की तुम्ही स्वयंरोजगारवाले. धंदा दोन वर्षांचा हवा. एक ते दोन वर्षांचा असेल तर आधी त्याच क्षेत्रात दोन वर्षं नोकरी केलेली हवी. आणि उत्पन्न धरतात ते टॅक्स रिटर्नवरचं. एप्रिलमध्ये भरमसाट खर्च दाखवून वाचवलेला कर इथे अंगाशी येतो.

एच-वन-बी व्हिसावाल्यांमध्ये मात्र जुनी माहिती अजून फिरताना दिसते. २५ मे २०२५ पासून पडणाऱ्या केस नंबरांसाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असणं जवळपास अटळ झालंय. नोकरी दहा वर्षांची असली तरी इथे उपयोग नाही. साधं, बिनसरकारी कर्ज बघायचं.

आणि मंजुरीचं पत्र हातात आलं म्हणून राजीनामा टाकू नका. सह्यांच्या आधीच्या दहा दिवसांत लेंडर तुमच्या ऑफिसात पुन्हा विचारतो: ही व्यक्ती अजून कामावर आहे ना?