🐟 *मत्स्यजिरे सोडण्याआधी तळ्यातला उताणा किडा ओळखा*



जिरे सोडलं आणि आठ दिवसांत तळं रिकामं दिसलं, की आपण बी खराब होतं म्हणतो. दर वेळी तसं नसतं. आधी पाण्यात उताणा पोहणारा किडा आहे का ते बघा.

*ओळख:* लांबी साधारण १ सेंमी किंवा कमी. डोळे मोठे. पाठ खाली, पोट वर करून पोहतो. मागचे दोन लांब पाय वल्ह्यासारखे मारतो. हातात धरू नका, गांधीलमाशीसारखा डंख बसतो.

*येतो कुठून?* याला पंख असतात. रात्री उडत येतो, दिव्याकडे ओढला जातो. म्हणून नव्या प्लास्टिकच्या तळ्यातही सापडतो. अंडी पाणवनस्पतींवर घालतो. पिल्लंही मोठ्यांसारखीच शिकारी, फक्त पंख नसतात.

*खातो काय?* डासाच्या अळ्या खातो, तो आपला फायदा. पण जिरे जेमतेम ७-८ मिमीचं. त्याला सोंड खुपसून आतला रस शोषून घेतो. मोठ्या बोटुकलीला मात्र तो काही करू शकत नाही.

*त्याची दुखरी नस:* हा पाण्यात राहतो, पण श्वास हवेतूनच घेतो. सारखा वर येऊन पोटाखालच्या केसांत हवा भरून नेतो. वर तेलाचा पातळ थर असला की हवा मिळत नाही आणि तो गुदमरून मरतो.

*काय करायचं?*
✅ काठावरचं गवत, पाणवनस्पती काढा. तळ्याजवळ रात्री दिवा नको.
✅ हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल + १८ किलो धुण्याचा साबण. ३० × ३० मीटर तळ्याला सुमारे ५ किलो तेल, दीड-पावणेदोन किलो साबण.
✅ साबण किसून कोमट पाण्यात विरघळवा, तेल घालून दुधासारखं होईपर्यंत ढवळा, सगळ्या पाण्यावर शिंपडा.
✅ हे जिरे सोडण्याआधी १२ ते २४ तास करा, वारा नसताना. वाऱ्याने थर फाटतो. मेलेले किडे बारीक जाळीने काढा.
❌ तळ्यात कीटकनाशक अजिबात नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं थोडीशी गेली तरी मासे मरतात.

एवढं जमणार नसेल तर जिरे घेऊच नका, मोठी बोटुकली सोडा. महाग पडते, पण या किड्याच्या तोंडी जात नाही.

किडा ओळखता येत नसेल तर पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन फोटो काढा आणि ग्रुपवर टाका.