घंटी वाजवत जा

पहाटेचे साडेपाच वाजलेत. सांगोल्याच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या गाड्यावरचं पहिलं दूध उतू जायच्या बेतात आहे, आणि पलीकडच्या भिंतीला टेकून सतरा सायकली उभ्या आहेत. त्यातल्या सोळाजणी गिअरवाल्या, जाड दातेरी टायरच्या, डोंगरदऱ्यांत चालवायच्या. त्यातलीच एक मी मागून आणलेली. सतरावी काळी, उंच दांडीची, मागे कॅरिअर आणि हँडलला घंटी. ती मेजरांची.

फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या भागात सैन्यातून घरी आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं. त्या हाकेत पदाचा हिशेब नसतो, माया असते.

आज ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. एक शिक्षिका प्रत्येकाच्या छातीवर कागदी ध्वज टाचते आहे. लाल पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, आकाशी हवाई दलाचा. थंडीनं बोटं आखडलीत, टाचणी दोनदा निसटते. १९४९ पासून हा दिवस देशभर पाळला जातो आणि मीही हा ध्वज कितीतरी वर्षं कचेरीत घेतलाय. पगारातून ठरलेली रक्कम जाते, ध्वज हातात येतो, संध्याकाळपर्यंत तो टेबलाच्या खणात गेलेला असतो. त्या पैशाचं मोल कमी नाही. त्यातून वीरपत्नींना, जायबंदी जवानांना, माजी सैनिकांच्या मुलांना आधार मिळतो. पण देणाऱ्याला त्या घरांचा उंबरा कधी दिसत नाही. तो दिसावा म्हणून आज ही मंडळी सायकलवर निघालीत. प्रत्येकानं किलोमीटरमागे दहा रुपये देणारी माणसं आधीच गाठून ठेवलीत. वाटेत मिळेल ते डब्यात घ्यायचं आणि सगळी रक्कम सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरायची. फ्लेक्स नाही, भाषण नाही. मला हे फार बरं वाटतं.

मेजर 'सावधान' म्हणतात. चहावालाही हातातलं फडकं खाली ठेवतो. मेजर एकच नाव घेतात, पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी. २९ नोव्हेंबर २०१६, नगरोटा. "बाकीची नावं ज्याच्या त्याच्या दारात घ्यायची," ते म्हणतात, आणि आम्ही निघतो.

रविवार आहे, बाजाराचा दिवस. गावाबाहेर पडेपर्यंत समोरून टेम्पो येतच राहतात, त्यात खिलार बैल, शिंगांना हिंगूळ लावलेले, अंगावर झूल. एक म्हातारबाबा खोंड चालवत आणतोय. शिक्षिकेच्या हातातला डबा बघून थांबतो.

"कशाचं गं बाई ह्ये?"

"जवानांच्या घरच्यांसाठी, बाबा."

तो कासरा मनगटाला गुंडाळतो, कोपरीच्या खिशातून वीसची नोट काढतो. "खोंड इकलं की आनि देतू. माघारी ह्याच वाटंनं या."

वासूदच्या बाजूला डांबर सोडून आम्ही मुरमाच्या गाडीवाटेला लागतो. आता जाड टायरांचा अर्थ कळायला लागतो. चाकाखाली खडी करकरते, चाकोरीतून बाहेर पडलं की मागचं चाक घसरतं. दोन्हीकडं वेड्या बाभळी, मध्येच पांढऱ्या कापडानं झाकलेली डाळिंबाची बाग, मध्येच पोटऱ्यात आलेली ज्वारी. माण नदीच्या बंधाऱ्यात पाणी आहे. नदी म्हणजे वाळूचा पट्टा एवढंच ज्यांनी लहानपणी पाहिलं, ते सायकली थांबवून दोन मिनिटं नुसते पाण्याकडं बघत राहतात. या कोरड्या मुलखातून माणसं फौजेत का गेली, हे कुणी विचारत नाही. पाऊस चुकायचा, भरती चुकायची नाही.

मळ्यातल्या एका वस्तीपाशी कॉलेजातल्या पोराचं पुढचं चाक बसतं. इतका जाड टायर, आणि काटा कसला, तर सराट्याचा. चणाडाळीएवढा. मेजर सायकल उलटी करतात, टायर सोडवतात, वस्तीवरच्या बाईकडून बादलीभर पाणी मागून घेतात. ट्यूब थोडीथोडी पाण्यातून फिरवत जातात. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. त्या जागी अंगठा दाबून धरत, दुसऱ्या हातानं पुसून, पॉलिशपेपरनं घासून ते सोल्यूशन लावतात. "आता वाळू द्यायचं. घाई केली की ठिगळ सुटतंय."

ते वाळेपर्यंत मेजर गोष्ट सांगतात. ते जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठा लाईट इन्फंट्रीचे. १७६८ साली उभी राहिलेली पलटण. ते भरती झाले १९७१ नंतर, पण जमालपूरची लढाई पलटणीत प्रत्येक नव्या रंगरुटाला सांगितली जाते.

डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला आपल्या फौजेनं वेढा घातलेला. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर आतल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला चिठ्ठी लिहितात, शरण या, उगाच माणसं मारू नका. चिठ्ठी न्यायची कुणी? मुक्तिवाहिनीतला मुन्शी नावाचा माणूस पुढं होतो. पांढरं निशाण घेतो, सायकलवर टांग मारतो आणि शत्रूच्या मोर्चाकडं निघतो.

"सायकलवर?" पोरगं विचारतं.

"सायकलवर. हातात हत्यार न्हाई."

"आणि मारलं न्हाई त्याला?"

"परत आला. म्हणून तर उत्तर मिळालं." उत्तर पाठवणारे होते लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद, आणि त्यांनी पत्रासोबत बंदुकीची एक गोळी गुंडाळून दिली होती. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला. वाट अडवून मराठे बसले होते. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं.

मेजर अंगठ्यानं ठिगळ दाबून बघतात. धरलंय. पोरगं पंप मारायला लागतं, पण नजर मेजरांच्या काळ्या सायकलीवर.

ऊन चढल्यावर आम्ही एका वाडीत शिरतो. माळवदाचं घर, दारात लिंब, लिंबाला बांधलेली शेळी. आजी पंच्याहत्तरीच्या आसपासच्या. त्यांचे मालक १९७१ च्या लढाईत गेले. आम्ही अंगणाच्या बाहेरच उतरतो आणि सायकली हातात धरून चालत आत येतो. आजी उंबऱ्यावर उभ्या राहून सगळ्या सायकलींकडं एकेक करून बघतात.

"बसा की. एवढी लांबनं आलाव." घोंगडं अंथरलं जातं. मेजर उभ्यानंच त्यांच्या मालकांचं नाव घेतात, नंबर आणि पलटणीसकट, हजेरीत घेतात तसं. मग बसतात.

आजी आपण होऊन बोलायला लागतात. "लग्नानंतर दोनदा सुट्टीवर आलं. तवा सांगोल्यात भाड्यानं सायकल मिळायची. स्टँडावर उतरायचं, ट्रंक माघं बांधायची, आन् ओढ्याच्या पल्याडनं घंटी वाजवत यायचं. मला हितं चुलीम्होरं कळायचं."

शेळी मध्येच ओरडते. आजी तिच्याकडं पाला सरकवतात.

"लढाई जितली म्हून गावात साखर वाटली. म्या बी खाल्ली. त्येच्या चौथ्या दिशी पोस्टमन आला. ओढ्यापासनं घंटी वाजवायची सवं त्येला. त्या दिशी सायकल हातात धरून चालत आला. घंटी न्हाई, काय न्हाई. तार वाचायला मास्तरास्नी बोलवलं, पर मला आदीच कळलं हुतं."

कुणी काही बोलत नाही.

तेव्हा देह घरी येत नसत. आघाडीवरच अग्नी दिला जाई. तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव पोचू लागल्या त्या १९९९ च्या कारगिलपासून. आज अख्खा तालुका अंत्ययात्रेला लोटतो ते आपल्याला माहीत आहे. १९६५ आणि १९७१ च्या घरांना ते मिळालं नाही. शेवटचं तोंड पाहणं नाही, खांदा नाही, चौथरा नाही. मिळाली ती तार, आणि काही महिन्यांनी ट्रंक.

ती ट्रंक आजी बाहेर आणवतात. काळी, पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर, अक्षरं अर्धी गेलेली. आत एक स्वेटर, पाकीटभर पत्रं, आणि साबणाची पत्र्याची डबी. आजी डबीचं झाकण नखानं उचकटतात. आत अर्धा झिजलेला साबण आहे. दगडासारखा कडक, मधोमध भेगाळलेला, एका बाजूला बोटानं दाबल्यासारखा खोलगट.

"ह्यो त्येंनी वापरलेला," त्या म्हणतात आणि डबी शिक्षिकेच्या हातावर ठेवतात. ती दोन्ही हातांनी धरते. डबी हातोहात फिरते. माझ्याकडं येते तेव्हा मी नकळत वास घेतो. वास राहिलेला नाही, लोखंडाचा तेवढा येतो.

डबा कशाचा, असं आजी विचारतात. मेजर सांगतात. आजी आत जातात आणि शंभराची नोट घेऊन येतात.

"आजी, तुमच्याकडनं कसं घ्यायचं?" शिक्षिकेचा आवाज फुटतो.

"मला पेन्शन येती. जिला अजून कागदपत्राला फिरावं लागतंय तिला द्या."

मेजर डबा पुढं करतात. नोट आजींच्या हातानंच आत जाते.

चहा होतो. निरोप घेऊन आम्ही उठतो आणि आलो तसेच, सायकली हातात धरून, अंगणातून चालायला लागतो. कुणी तसं ठरवलेलं नाही, पण त्या दारात टांग मारायचं कुणालाच सुचत नाही. मागून आजींची हाक येते.

"असं हातात धरून नगा जाऊ. बसा वर. घंटी वाजवत जावा."

आम्ही एकमेकांकडं बघतो. सोळा सायकली, महागाच्या, एकवीस-एकवीस गिअरच्या. एकीलाही घंटी नाही.

मेजर काळ्या सायकलीवर टांग मारतात आणि अंगठ्यानं घंटी दाबतात. खणखणीत. पुन्हा दाबतात. आम्ही सगळे वर बसतो, पायडल मारतो. वाडी ओलांडेपर्यंत मेजरांची घंटी चालूच आहे. ओढ्याच्या उताराला मागून आणखी एक आवाज येतो. ठिगळाच्या चाकाचं ते पोरगं तोंडानं वाजवतंय, ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. मग त्याच्या पुढची शिक्षिका. मग मीही.