न वाचल्यामुळे वाचलेली वही

आपल्याकडे एक वाक्य घराघरांत ऐकू येतं. बातम्या लागलेल्या असतात, मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं ऐकत असतात आणि दारात तेरा-चौदा वर्षांचं पोर उभं असतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘तू जा आत, तुला काय कळतंय त्यातलं?’ पोर आत जातं. आत जाऊन ते काय करतं, हे बघायला मात्र आपण जात नाही.

काही मुलं आत जाऊन लिहितात. आज मी अशाच एका मुलीच्या लिहिण्याबद्दल बोलणार आहे. तिचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. शेवटी आणखी एका मुलीबद्दल थोडं सांगेन. तिचं नाव तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही.

पहिली मुलगी ॲन फ्रँक. जन्म १२ जून १९२९, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात, ज्यू घरात. हिटलर सत्तेवर आला तशी वडिलांनी बायको आणि दोन मुलींना घेऊन हॉलंडमधलं अ‍ॅमस्टरडॅम गाठलं. पण १९४० मध्ये जर्मन फौजा तिथंही आल्या. मग एकेक हुकूम निघू लागला. ज्यूंनी सायकली जमा करायच्या. ट्राममध्ये बसायचं नाही. पोहायला जायचं नाही, सिनेमाला जायचं नाही. रात्री आठनंतर घराबाहेर पडायचं नाही. ॲनच्या तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, तिला लाल-पांढऱ्या चौकड्यांची एक वही मिळाली. तिच्या पहिल्या पानांमध्ये वर्गातल्या मैत्रिणी आहेत, वाढदिवसाच्या भेटी आहेत, आणि लगेच ही बंद्यांची यादीही आहे. मुलांच्या वहीत या गोष्टींना वेगळी पानं नसतात, हे ध्यानात ठेवा.

५ जुलैला थोरल्या बहिणीला, मार्गोटला, जर्मनीत कामाला हजर होण्याचं फर्मान आलं. दुसऱ्याच दिवशी घर लपलं. वडिलांच्या कंपनीची इमारत कालव्याकाठी होती. तिच्या मागच्या बाजूच्या खोल्यांत आधी हे चौघं, मग ओळखीचं एक तिघांचं कुटुंब आणि नंतर एक दंतवैद्य, अशी आठ माणसं दोन वर्षं राहिली. जाण्यायेण्याच्या वाटेवर पुस्तकांचं एक फडताळ लावलेलं होतं, ते दारासारखं उघडायचं. ऑफिसातली मीप खीस, बेप आणि आणखी काही विश्वासू माणसं जीव धोक्यात घालून त्यांना धान्य, पुस्तकं आणि बातम्या पोहोचवायची.

ही डायरी पुष्कळांनी वाचली आहे. तिचे मराठीतही अनुवाद झाले आहेत. तिच्याबद्दल बोलताना लोक शेवटाबद्दल बोलतात, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र तिच्यातले सण वाचायला आवडतात.

१९४२ च्या डिसेंबरात ज्यूंचा हनुक्का आणि डच लोकांचा सेंट निकोलसचा सण जवळजवळ एकदमच आले. हनुक्का हा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस पुरलं, अशी त्यामागची कथा आहे. आम्हा रायगडच्या माणसांना ज्यू लोक परके नाहीत. आमच्याकडचे बेने इस्रायली मराठी बोलणारे, पिढ्यानपिढ्या घाण्यावर तेल काढणारे. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. तर, लपलेल्या त्या घरात मेणबत्त्यांची टंचाई. म्हणून त्या जेमतेम दहा मिनिटं लावल्या आणि विझवल्या. गाणं मात्र म्हटलं. सेंट निकोलसची भेटींनी भरलेली टोपली आली तेव्हा पोरीला त्याचीच जास्त मजा वाटली. हे तिनं सरळ लिहून टाकलं आहे. दुसऱ्याच्या सणाची मजा अधिक वाटणं हा त्या वयाचा हक्कच आहे. चाळीत आकाशकंदील करायला मीही सगळ्यांच्या पुढे असायचो, आणि शेजारची पोरं शिरखुर्म्यासाठी ईदच्या आदल्या दिवसापासून आमच्या दारात घुटमळायची.

पुढच्या वर्षी हात आणखी आखडले. तेव्हा ॲननं आणि वडिलांनी मिळून प्रत्येकासाठी एकेक कवन रचलं. टोपलीत ज्याचा त्याचा एकेक जोडा ठेवला आणि त्यात त्याच्या नावाचा कागद. नाताळात मीपनं केक करून आणला. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘शांतता १९४४’. आता हा केक म्हणजे सण म्हणायचा की बातमी? बाहेरच्या जगाकडून जे हवं होतं, तेच साखरेनं लिहिलेलं होतं.

आणि बातम्या? त्या रेडिओवरून येत. लंडनहून बीबीसी लागायचं. परागंदा झालेल्या डच सरकारचं ‘रेडिओ ओरान्ये’ही तिथूनच बोलायचं. ते ऐकायला जर्मनांची सक्त मनाई होती. माणसं गेल्यावर ही मंडळी खालच्या ऑफिसात येऊन हलक्या आवाजात ऐकायची. १९४३ मध्ये लोकांचे रेडिओ जप्त होऊ लागले, तेव्हा मोठा रेडिओ जमा झाला आणि एक छोटा लपवलेला रेडिओ आला. युद्ध कधी संपणार यावर मोठी माणसं तावातावानं भांडायची. पोरगी त्यांची भांडणं टिपायची, बटाट्यांचा कंटाळा टिपायची, आईवरचा राग टिपायची. आणि त्याच शाईनं, ज्यूंना विषारी वायूनं मारतात असं इंग्रजी रेडिओ सांगतो, हेही टिपायची. १९४२ च्या ऑक्टोबरमधल्या नोंदीत ते आहे. ‘तुला काय कळतंय’ म्हणण्याच्या वयात तिला हे कळलेलं होतं.

त्या घराचं १९६० पासून संग्रहालय झालं आहे. तिथल्या एका भिंतीवर दोन गोष्टी जवळजवळ दिसतात. एक नॉर्मंडीचा नकाशा. ६ जून १९४४ रोजी दोस्त फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या. तेव्हापासून वडील त्यावर टाचण्या टोचून फौजा कुठवर आल्या याची खूण ठेवायचे. आणि दुसऱ्या पेन्सिलीच्या रेघा. दोन्ही मुलींची उंची किती वाढली त्याच्या. दोन वर्षांत ॲन १३ सेंटिमीटरहून जास्त वाढली होती. एकाच भिंतीवर एक बाप फौजा किती पुढे आल्या ते मोजतो आहे आणि पोरी किती उंच झाल्या तेही मोजतो आहे.

२८ मार्च १९४४ च्या रात्री याच रेडिओवर डच मंत्री बोल्केस्टाइन बोलले. युद्धानंतर सामान्य माणसांची पत्रं आणि डायऱ्या गोळा केल्या पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. घरातल्या सगळ्यांच्या नजरा ॲनच्या डायरीकडे वळल्या. मे महिन्यापासून तिनं सगळी डायरी सुट्या कागदांवर नव्यानं लिहायला घेतली. वाक्यं सुधारली, काही गाळली, काही भर घातली. चौदा-पंधरा वर्षांची पोर लेखक झाली ती रेडिओवरच्या एका भाषणामुळे. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला याचं थोडं दडपण यायला हवं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. ही वही वाचली कशी?

एप्रिल १९४४ मध्ये खाली चोर शिरले, आणि त्यांच्यामागून पोलीस थेट फडताळापर्यंत आले. वर आठही जणांचा श्वास रोखलेला. पकडलो गेलो तर रेडिओ सापडेल, डायरीही सापडेल, अशी कुजबुज सुरू झाली. घाबरलेल्या कुणीतरी सुचवलं की ती जाळून टाका. ॲन हादरली, पण तसं झालं नाही. त्या रात्री पोलीस माघारी गेले. ४ ऑगस्टला मात्र ते आलेच. दागिने न्यायला पिशवी हवी, म्हणून अधिकाऱ्यानं एक चामडी बॅग जमिनीवर उलटी केली. तिच्यात ॲनचे कागद होते. आठही जणांना नेल्यावर मीप आणि बेपनं ते पसरलेले कागद गोळा केले. मीपनं ते आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. वाचले नाहीत. पोरगी परत आली की तिची वस्तू तिच्या हातात द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं.

पोरगी परत आली नाही. १९४५ च्या सुरुवातीला बर्गेन-बेल्सनच्या छावणीत दोघी बहिणी टायफसनं गेल्या. आई त्याआधीच ऑशविट्झमध्ये गेली होती. त्या आठ जणांपैकी एकटे वडील, ओटो फ्रँक, जिवंत परतले. मुली गेल्याची खात्री झाली तेव्हा मीपनं खण उघडून सगळे कागद त्यांच्यासमोर ठेवले. जून १९४७ मध्ये पुस्तक निघालं. इतकी जवळ असलेली आपली मुलगी आपल्याला अशी ठाऊकच नव्हती, असं तिचे वडील पुढे सांगायचे.

मीप शंभर वर्षं जगली, २०१० मध्ये गेली. ती सांगायची की आपण ते कागद तेव्हा वाचले असते तर जाळावे लागले असते. कारण त्यांत मदत करणाऱ्यांची नावं होती. कुणाच्या हाती लागते तर सगळ्यांच्या जिवावर बेतलं असतं. म्हणजे बघा, ती वही न वाचल्यामुळे वाचली. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना एकच शब्द आहे.

आता दुसरी मुलगी. ती माझी धाकटी बहीण.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. जानेवारीत ती पुन्हा पेटली. आमची चाळ मिश्र वस्तीची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला दोन रात्री त्यांच्या घरात ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं आम्हाला स्वतः एसटीत बसवून दिलं. आम्ही रायगडात मामूंच्या गावी गेलो. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, बहीण नववीत.

गावी तिनं एक वही लिहिली. शाळेचीच दोनशेपानी वही. पुढून गणितं होती, म्हणून तिनं मागून सुरुवात केली. वर मथळा दिला होता, ‘आमची सुट्टी’. निबंधाला देतात तसा. त्यात खाडीवरचं फिरणं होतं. वालाच्या शेंगांची पोपटी कशी लावतात, मडक्याच्या तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कसा कोंबतात, हे होतं. त्याच पानावर मामू रात्री बीबीसी हिंदी कानाला लावून काय ऐकत, हे होतं. आणि चाळीतल्या त्या दोन रात्री होत्या. काकूंचं नाव होतं, त्यांच्या मुलाचं होतं. जिन्याखाली येऊन आमच्या खोल्या विचारणाऱ्या पोरांतल्या दोघांची नावंही होती. ते तिच्याच शाळेतले होते.

मी कविता करायचो, म्हणून तिनं वही माझ्याकडे दिली. ‘भाईजान, शुद्धलेखन बघ फक्त,’ म्हणाली. मी वाचली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच अभिमानात मी ती रात्री अब्बांना वाचून दाखवली. अब्बा गोदीत कारकून, कागदाची ताकद ओळखून असलेला माणूस. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘उद्या हे कुणाच्या हाती लागलं तर त्या काकूंचं काय होईल?’ पहाटे ती वही न्हाणीच्या चुलीत गेली. त्याच पाण्यानं आम्ही आंघोळी केल्या.

अब्बांना मी दोष देत नाही. मीप जे म्हणाली, तेच तर ते म्हणाले होते. एकदा वाचल्यावर त्यांना दुसरं काही करता आलं नसतं. चूक झाली ती त्याआधी, माझ्या हातून. ती वही मी वाचली, म्हणून ती वाचली नाही.

पुढे त्या दिवसांवर मी कविता लिहिल्या. त्या छापून आल्या, लोकांनी दाद दिली. पण त्या मोठ्या माणसाच्या कविता आहेत. त्यांत दंगल आहे, पोपटी नाही. पोरवयात या दोन्ही गोष्टी एका पानावर मावतात. मोठे होताना आपण त्यांच्यासाठी निरनिराळ्या वह्या करतो. बहिणीनं त्यानंतर वाण्याच्या हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही. गेल्या वर्षी मी धीर करून विषय काढला, तर हसून म्हणाली, ‘भाईजान, शुद्धलेखन तरी बरोबर होतं का?’ मला सांगता आलं नाही.

आज तिची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्या उशाखाली एक वही असते. सुट्टीत आमच्याकडे आली होती. मोबाइलवरच्या बातम्या बघता बघता अचानक उठायची आणि आत जायची. परवा जाताना ती वही आमच्याकडेच विसरली. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘उघडू नकोस.’

नाही उघडली. माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. भाची दिवाळीत येईल तेव्हा घेऊन जाईल.