बाल्टिकच्या किनाऱ्याने एकट्याने जाताना

जर्मनीत शिकावयास गेलेल्या आपल्या एखाद्या मुलाने नवा कॅमेरा घेतला असेल आणि एकट्यानेच समुद्रकाठी फिरावयाचे त्याच्या मनात असेल, तर आम्ही त्यास बाल्टिकचा किनारा सुचवू. ल्युबेकच्या बाजूने १०५ क्रमांकाचा रस्ता विस्मार, रोस्टॉक करीत श्ट्राल्सुंडला जातो. पूल ओलांडला की र्‍यूगेन बेट. आपण मॉरिशसकर गाडी डावीकडून चालवतो, तेथे उजवीकडून; तेव्हा पहिला दिवस थोडाच प्रवास ठेवावा.

बेत अंतरावर नव्हे, उजेडावर आखावा. आपल्याकडे सूर्य बुडाला की लवकरच अंधार. तेथे जूनमध्ये पहाटे पाचच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री दहा वाजले तरी संधिप्रकाश रेंगाळतो. र्‍यूगेनवरील यास्मुंडचे खडूचे पांढरे कडे पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून ते सकाळीच टिपावेत. शुभ्र रंगाने कॅमेरा फसतो व चित्र करडे येते. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून पाहावे. दुपारी विश्रांती घ्यावी.

मात्र खडू ठिसूळ. 'विस्सोवर क्लिंकेन' हे तेथील प्रसिद्ध सुळके फेब्रुवारी २००५ मध्ये कोसळले. डिसेंबर २०११ मध्ये आर्कोना भूशिराजवळ दरड कोसळून एक लहान मुलगी दगावली. म्हणून पावसानंतर वा बर्फ वितळताना कड्याखाली जाऊ नये, कुंपण ओलांडू नये, आणि रोजचा मुक्काम कोणास तरी कळवावा. चित्र एखादे कमी आले तरी चालेल. घरी आई वाट पाहते आहे.