उत्तम माल मागे का पडला?

माल उत्तम असला की गिऱ्हाईक आपोआप येते, असे आपण पेढीवर बसल्या दिवसापासून ऐकत आलो. जपानच्या सोनी कंपनीचाही बहुधा हाच विश्वास असावा. तिने १९७५ साली बीटामॅक्स ही घरगुती व्हिडिओ कॅसेट काढली. चित्र सुबक, कॅसेट आटोपशीर. परंतु प्रारंभी तीवर मुद्रण अवघे एक तासाचे. पुढल्याच वर्षी जेव्हीसीची व्हीएचएस आली, ती दोन तासांची. एका तासात चित्रपट मावत नाही, हे गिऱ्हाइकाने तत्काळ ताडले.

मापाची ही चूक माझ्याही हातून घडली आहे. उत्कृष्ट गहू मी शंभर किलोच्या पोत्यांतच देत राहिलो. शेजारच्या पेढीने तीस किलोच्या पिशव्या भरल्या आणि माझे जुने दुकानदार तिकडे वळले.

सोनीने मुदत पुढे वाढविली खरी. पण तोवर जेव्हीसीने आपली पद्धत मात्सुशिता, हिताची आदी प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती दिली होती. यंत्रे वाढली, तशा भाड्याच्या दुकानांत व्हीएचएस कॅसेटी वाढल्या. कॅसेटी मुबलक म्हणून लोक तेच यंत्र घेऊ लागले. अखेर १९८८ साली सोनीने स्वतःच व्हीएचएस यंत्रे विक्रीस आणली. बीटामॅक्स यंत्रांचे उत्पादन मात्र तिने २००२ पर्यंत चालू ठेवले.