भाड्याची खोली आणि कुत्रे

कोन हे गाव भिवंडी तालुक्यात आहे. अलीकडे कोन, पलीकडे कल्याण. मध्ये उल्हासची खाडी आणि दुर्गाडीचा पूल. कल्याणहून भिवंडीला जाणारा रस्ता या गावावरूनच जातो. भिवंडीकडे कापडाचे माग आहेत, मालाची मोठमोठी गोदामे आहेत. तेथे कामाला लांबलांबची माणसे येतात. कोणी खानदेशातून येतो, कोणी मराठवाड्यातून, कोणी थेट उत्तर प्रदेशातून. या माणसांना राहायला खोली लागते. म्हणून या भागात चाळी उभ्या राहिल्या.

आपल्या गावी आपले घर असते, पुढे अंगण असते. एक दिवस कुत्रे दारात येऊन बसते. त्याला भाकरीचा तुकडा मिळतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येते. महिन्याभरात ते आपले होऊन जाते. कुणाला विचारणे नाही, कागद नाही, काही नाही. भाड्याच्या खोलीचे तसे नाही. खोलीत संसार आपला, पण भिंत मालकाची. पडवी सगळ्यांची, नळही सगळ्यांचा. तेथे कुत्रे पाळायचे तर आधी मालकाला विचारावे लागते.

पुष्कळ लोक विचारतच नाहीत. पिल्लू एवढेसे आहे, कुणाला कळतंय, असे म्हणतात. पण कुत्रे म्हणजे काही पेटीत ठेवायचा दागिना नव्हे. ते भुंकते. रात्री एकटे ठेवले तर रडते. मग मालकाला शेजाऱ्याकडून कळते, आणि तेही भांडण झाल्यावर! मालक येतो आणि म्हणतो, "कुत्रं काढा, नाहीतर खोली खाली करा." तोवर पोरांना त्याचा लळा लागलेला असतो. पोरे रडतात, बाई गप्प बसते, नवऱ्याला काय करावे सुचत नाही. पिल्लू आणण्याआधी दोन शब्द बोलायला सोपे होते. आता तेच बोलणे जड जाते, कारण मालकाला वाटते की यांनी मला फसवले.

धर्मराजाची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. शेवटच्या वाटेवर त्याच्यासोबत एक कुत्रा होता. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मलाही तो स्वर्ग नको. गोष्ट मोठी सुंदर आहे. पण धर्मराज तेव्हा एकटा होता. बायकापोरे घेऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला मालकापुढे असे बोलून चालत नाही. त्याला खोलीही हवी आणि कुत्राही हवा. त्याने काय करावे?

आधी मालकाची बाजू समजून घ्यावी. मालक नाही म्हणतो तो दर वेळी दुष्टपणाने म्हणतो असे नाही. त्याच्या मनात काही भीती असतात. आपण त्या ओळखल्या तर निम्मे काम होते.

पहिली भीती आवाजाची. मागावर पाळ्या असतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपतो. दुपारी कुत्रे भुंकले की त्याची झोप गेली. झोप गेलेला माणूस मागावर उभा राहिला तर हात सापडायची भीती. म्हणजे ही तक्रार उगाच केलेली नसते.

दुसरी भीती घाणीची आणि शिवाशिवीची. हे बोलायला अवघड वाटते, पण बोलले पाहिजे. चाळीत एखादे घर माळकऱ्याचे असते, तेथे सोवळे पाळतात. एखादे घर मुसलमानाचे असते. नमाजासाठी अंग, कपडे आणि जागा पाक लागते. कुत्र्याची लाळ लागली तर पुष्कळ घरांत ती जागा धुऊन घेतात. त्यांना कुत्र्याचा राग असतो असे नव्हे, पण कुत्रे त्यांच्या उंबऱ्यापाशी जाऊ नये एवढे आपण पाहायला हवे. कुत्र्याची घाण तर ज्याची त्यानेच उचलावी. त्यात वाद नाही.

तिसरी भीती पिल्लांची. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. दोन महिन्यांत विते. चार-सहा पिल्ले झाली की चाळभर कलकलाट होतो. मालकाला हे ठाऊक असते. म्हणून मादी पाळणार असाल तर पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया करून घेऊ, असे आधीच सांगावे. नराचीही ती होते.

आणि सर्वांत मोठी भीती चावण्याची. येथे आम्ही जरा थांबतो, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीज हा रोग माणसाला होतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुतेक वाचत नाही. पण त्याआधी लस घेतली तर रोग टळतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने १८८५ साली कुत्रे चावलेल्या ९ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा जगला. तेव्हापासून माणसाच्या हाती हा उपाय आहे. पाळलेल्या पिल्लाला ३ महिन्यांचे झाले की लस टोचून घ्यावी. पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर वर्षी, पुन्हा टोचावी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. लस टोचल्यावर एक कार्ड मिळते. ते जपून ठेवा. मालकाशी बोलताना हेच कार्ड उपयोगी पडते.

तरीही कुणाला दात लागलाच तर? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. चुना, तिखट, हळद काही लावू नये. ओरखडा लहान आहे म्हणून घरी बसू नये. सुयांच्या तारखाही चुकवू नयेत.

आता कायद्याचे पाहू. मोबाइलवर निरोप फिरतात, की कुत्रे पाळणे हा हक्क आहे, कोणी अडवू शकत नाही. हे अर्धे खरे आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सूचना काढल्या. गृहनिर्माण सोसायटीने रहिवाशांना कुत्रे पाळायला सरसकट बंदी करू नये, असे त्यांत आहे. पण ती गोष्ट सोसायटीची. चाळीचा मालक म्हणजे सोसायटी नव्हे. मालकाने भाडेकरूला कुत्रे पाळू दिलेच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये तो १९७० साली झाला. इंग्लंडात २०२५ साली कायदा झाला, की भाडेकरूने लेखी विचारले तर मालकाने योग्य कारणाशिवाय नाही म्हणू नये. आपल्याकडे मात्र करारात जे ठरेल ते खरे. म्हणून त्या निरोपाच्या भरवशावर मालकाशी हुज्जत घालू नका.

करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. सही करण्याआधी करार स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते! जनावर पाळू नये असे कलम पुष्कळदा शेवटच्या पानावर असते. शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये असेही एक कलम असते. ही दोन कलमे आहेत की नाहीत ते बोट ठेवून पाहा. करार इंग्रजीत असेल तर जाणत्या माणसाकडून समजून घ्या.

विचारायला कधी जावे? खोली घेतानाच विचारावे हे उत्तम. नंतर विचारायचे तर भाडे चुकते केलेल्या दिवशी जावे. भाडे थकलेले असताना कुत्र्याची गोष्ट काढणे शहाणपणाचे नव्हे. शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवावे. समजा, चाळीची मालकीण म्हातारी बाई आहे. सगळे तिला आजी म्हणतात. बोलणे असे होईल :

"आजी, एक विचारायचं होतं. पोरांसाठी कुत्रं पाळावं म्हणतो. अजून आणलं नाही. म्हटलं, आधी तुम्हांला विचारू."

"कुत्रं? नको रे बाबा. मागं एकानं पाळलं होतं. साऱ्या पडवीत घाण."

"खरं आहे. म्हणून तर विचारतो. घाण मी उचलीन. लस टोचल्याशिवाय खोलीत आणणार नाही. शेजारच्या दोन्ही खोल्यांत विचारलं, त्यांची ना नाही."

"आणि तू पाळीवर गेल्यावर?"

"बायको घरी असते. दुपारी आतच ठेवील. आजी, एक महिना बघा. कुणी तक्रार केली तर मी त्याला गावी भावाकडं नेऊन ठेवतो."

"एक महिना हं. मग बघू."

या माणसाने हुज्जत घातली नाही आणि गयावयाही केली नाही. कुत्रे अजून आणलेले नाही, हे त्याने पहिल्यांदा सांगितले. म्हातारीला त्यामुळे मान मिळाला. नाही म्हणण्याची मोकळीकही तिला राहिली. गावी भाऊ आहे हे त्याने नुसते बोलायला सांगितलेले नसावे. भावाला खरोखरच विचारून ठेवलेले असावे.

तोंडी हो मिळाले की कागद करावा. आज आजी हो म्हणते. उद्या कारभार मुलाकडे जातो, नाहीतर चाळ विकली जाते. नवा मालक म्हणतो, मला कोणी विचारले? कागद साधा असावा :

श्री. / श्रीमती .................... यांस,
स. न. वि. वि.
मी आपल्या चाळीत खोली नंबर ........ मध्ये भाड्याने राहतो. एक कुत्रा पाळण्यास आपली परवानगी असावी. कुत्रा नर, वय ४ महिने, रंग तांबडा, शेपटीचे टोक पांढरे. त्याला दि. ........ रोजी लस टोचली आहे. त्याची घाण मी उचलीन. पडवीत त्याला दोरीशिवाय सोडणार नाही. त्याने नुकसान केल्यास भरून देईन.
आपला, (सही व तारीख)
वरीलप्रमाणे परवानगी आहे. (मालकाची सही व तारीख)

रंग आणि शेपटी कशाला लिहायची? गल्लीत दुसरी कुत्री असतात. त्यांच्यातल्या एकाने कुणाची कोंबडी नेली तर आळ आपल्या कुत्र्यावर येतो. वर्णन लिहिलेले असले की वाद लवकर मिटतो. कागदाच्या दोन प्रती करा. एक मालकाकडे, एक तुमच्याकडे. मालकाने कुत्र्यासाठी जादा अनामत मागितली तर तो आकडाही कागदात लिहा आणि पावती घ्या.

परवानगी मिळाल्यावर कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवू नका. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात तो गुन्हा आहे. बांधलेले कुत्रे जास्त भुंकते, जास्त चावते, हे वेगळेच. पहाटे आणि रात्री त्याला फिरवून आणावे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ शकते आणि आपण काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शेजाऱ्यांनाही हात बांधून घ्यावे लागतात. रागाच्या भरात कुत्र्याला विष घालणाऱ्याला त्याच संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि मालक नाहीच म्हणाला तर? कारण विचारावे. कधी कधी कारण भलतेच निघते. त्याच्या नातवाला लहानपणी कुत्रे चावलेले असते. तेथे आग्रह करू नये. कुत्रे आधीच घरात असेल तर चार-सहा आठवड्यांची मुदत मागावी. काही लोक अशा वेळी कुत्र्याला टेम्पोत घालून पुलापलीकडे सोडून येतात. तिकडची कुत्री त्याला फाडतात, नाहीतर ते परतीच्या रस्त्यावर गाडीखाली येते. पाळलेले जनावर असे टाकून देणे हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. त्याला गावी न्यावे, ओळखीच्या माणसाकडे द्यावे, नाहीतर दुसरी खोली पाहावी. दुसरी खोली पाहायला जाताना लसीचे कार्ड खिशात ठेवा. भाड्याचा आकडा विचारण्याआधी कुत्र्याचे विचारा.