मेद आणि हृदयाची स्प्रिंग

माझे एक स्थूल स्नेही जिना चढतांना धापा टाकतात. तपासणींत मात्र हृदयाचें आकुंचन उत्तम निघालें! मग दोष कोठें? तो प्रसरणांत असूं शकतो. दर ठोक्यानंतर हृदयानें सैल होऊन रक्तानें भरलें पाहिजे. हें सैल होणें बरेंचसें टायटिन या प्रथिनावर अवलंबून असतें. मानवी देहांतील हें सर्वांत मोठें प्रथिन. स्नायुतंतूंत तें स्प्रिंगेचें काम करतें. त्याच्या ठराविक ठिकाणीं फॉस्फेट जोडलें गेलें, म्हणजे स्प्रिंग मऊ राहते.

शास्त्रज्ञांच्या मतें, पोटांतील मेद वाढला कीं शरीरांत मंद दाह सुरू होतो. त्यामुळें रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतील नायट्रिक ऑक्साइड घटतो, फॉस्फेट जोडणारें एन्झाइम मंदावतें आणि स्प्रिंग ताठरते. मग हृदय नीट भरत नाहीं. दाब मागें फुप्फुसांत वाढतो व धाप लागते. १९९५ सालीं प्रसिद्धीस आलेलें ॲडिपोनेक्टिन हें दाह शमविणारें प्रथिन मेदपेशींतच तयार होतें. पण मेद वाढला कीं तें उलट घटतें! पुरेसें वजन उतरल्यास तें पुन्हां वाढूं लागतें.

म्हणून स्नेह्यांस मी म्हटलें, “रावसाहेब, ठोका जोरदार आहे म्हणून निश्चिंत राहूं नका; डॉक्टरांस प्रसरणाविषयींहि विचारा.” आपणांसहि माझें हेंच सांगणें आहे.